तांबड्या शाईची सही : सायप्रसचे पहिले अध्यक्ष आर्चबिशप मकारियोस

जुन्या कागदपत्रांच्या व्यासंगी मंडळींस शाईचा रंग ही क्षुल्लक बाब वाटत नाहीं. आपल्या पोथ्यांतून हिंगुळाची तांबडी शाई दंड, अध्यायसमाप्ति, पुष्पिका अशा मोजक्या स्थळांसाठीं राखून ठेवलेली आढळते. भूमध्यसमुद्राच्या पूर्वभागांतील सायप्रस बेटांत याच रंगाच्या शाईस निराळेंच महत्त्व आलें. तेथील ग्रीक ख्रिस्ती धर्मपीठाचा मुख्य, म्हणजे आर्चबिशप, आपली सही तांबड्या शाईनें करितो, आणि हा मान त्याच्या पूर्वाधिकाऱ्यास रोमन बादशहाकडून मिळाला, अशी तेथील परंपरा आहे. या पीठावर इ. स. १९५० सालीं आलेले तिसरे मकारियोस हेच पुढें १९६० सालीं त्या स्वतंत्र राष्ट्राचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९७७ सालीं मरण येईपर्यंत दोन्ही पदें त्यांजकडे राहिलीं.

धर्मपीठ आणि राज्यपद यांचें एका व्यक्तीच्या ठायीं असें मीलन कसें झालें, त्याच्या मुळाशीं कोणता कागद होता, आणि त्या मीलनाचें फळ काय निघालें, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. मकारियोस यांच्या राजकारणाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु सनदेच्या बाजूनें त्याकडे पाहिलें असतां त्यांतील कित्येक कोडीं उलगडतात, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

१. मूळ सनद

सायप्रसचें धर्मपीठ कोणाच्या हुकमतीखालचें, हा वाद फार जुना आहे. समोरच्या किनाऱ्यावरील अँटिऑकचा धर्माध्यक्ष या बेटावर आपला अधिकार सांगत असे. इ. स. ४३१ सालीं इफिसस येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें बेटाच्या बाजूनें निर्णय दिला. तरी वाद मिटला नाहीं. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, बादशहा झेनो याच्या कारकीर्दींत (इ. स. ४७४ ते ४९१), तो पुनः उपस्थित झाला. त्या वेळीं सायप्रसचा आर्चबिशप अँथेमियोस यास स्वप्नांत दृष्टान्त झाला. त्यावरून सालामिस या प्राचीन नगराजवळ खणतां संत बार्नबास याचें शव सांपडलें. आणि शवाच्या छातीवर मत्तयाच्या शुभवर्तमानाची एक प्रत ठेवलेली होती, अशी कथा आहे. ती प्रत अँथेमियोसनें कॉन्स्टँटिनोपल येथें बादशहास नजर केली. प्रेषितांच्या परंपरेंतील पुरुषानें स्थापिलेलें पीठ दुसऱ्याच्या अंकित असूं शकत नाहीं, हें मान्य होऊन सायप्रसचें पीठ ‘ऑटोकेफालस’ ठरलें. या शब्दाचें ‘स्वशीर्ष’ असें भाषांतर करितां येईल. ज्याचें मस्तक त्याचेंच, दुसऱ्या कोणाचें नव्हे. परंपरा म्हणते कीं, त्याच प्रसंगीं झेनोनें आर्चबिशपास तीन मान दिले : तांबड्या शाईनें सही, धर्मदंडाऐवजीं राजदंड, आणि जांभळें राजवस्त्र.

आतां ही सनद अस्सल कीं कूटशासन, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. शव सांपडल्याची व ग्रंथाची कथा सहाव्या शतकांतील अलेक्झांडर नामक भिक्षूनें लिहिलेल्या बार्नबासस्तुतींत आहे. परंतु शाई, दंड व वस्त्र यांचा उल्लेख तेथें नाहीं. या तीन मानांचा प्रवाद फार उत्तरकाळचा असावा, असें अलीकडील संशोधकांनीं प्रतिपादिलें आहे. दुसरीही एक अडचण आहे. झेनोचा सासरा बादशहा लिओ यानें इ. स. ४७० सालीं कायदा करून तांबड्या राजशाईचा उपयोग बादशहावांचून इतर कोणीं करूं नये, असा निर्बंध घातला होता. तो कायदा जस्टिनियनच्या संहितेंत समाविष्ट आहे. अशा कायद्याची शाई वाळते न वाळते तोंच जांवयानें तो मान एका दूरच्या बेटावरील धर्माध्यक्षास दिला असेल, हें संभवनीय वाटत नाहीं. राजशासनावर राजाचा स्वहस्त व काल असावा, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. त्या कसोटीस ही सनद उतरत नाहीं. कारण स्वहस्त व कालच काय, मूळ लेखच कोणीं पाहिलेला नाहीं.

परंतु सनद संशयित ठरली म्हणून तिचा व्यवहार खोटा ठरत नाहीं. आपल्याकडेही बनावट महजरावर पिढ्यान्‌पिढ्या वतन चालल्याचीं उदाहरणें संशोधकांस ठाऊक आहेत. लेख केव्हां लिहिला गेला, हा एक प्रश्न. लोक तो मानून केव्हांपासून वागूं लागले, हा दुसरा. मकारियोस यांच्या चरित्रास दुसरा प्रश्नच लागू पडतो.

२. धर्माध्यक्षाचा ‘जनाधिपति’ झाला

इ. स. ११९२ पासून सायप्रसवर लुसिन्यां या फ्रेंच घराण्याचें व १४८९ पासून व्हेनिसचें राज्य होतें. हे दोन्ही राज्यकर्ते रोमन पंथाचे असल्यामुळें ग्रीक पंथाचें आर्चबिशपपद तेराव्या शतकांत बंद करण्यांत आलें होतें. १५७१ सालीं तुर्कांनीं बेट जिंकलें आणि त्यांनीं तें पद पुनः चालू केलें. उस्मानी पद्धतींत प्रजेची विभागणी धर्मावरून होत असे व प्रत्येक धर्मसमूहाच्या वतीनें सरकाराशीं बोलण्याचें काम त्याच्या धर्मगुरूकडे असे. अशा रीतीनें आर्चबिशप ख्रिस्ती रयतेचा प्रतिनिधि व कर गोळा करून देणारा जबाबदार इसम झाला. ग्रीक भाषेंत या अधिकारास ‘एथ्नार्क’ म्हणतात. ‘एथ्नोस’ म्हणजे जनसमूह व ‘आर्खो’ म्हणजे अधिकार चालविणें. म्हणून जनाधिपति.

या अधिकाराची किंमत शिरानें द्यावी लागे. १८२१ सालीं ग्रीस देशांत तुर्कांविरुद्ध उठाव होतांच सायप्रसच्या सुभेदारानें जुलै महिन्यांत आर्चबिशप किप्रियानोस यास राजधानी निकोसिया येथें जाहीर फांशी दिलें व तीन बिशपांचा शिरच्छेद केला. लोकांच्या स्मृतींत त्या दिवसापासून आर्चबिशपपद हें केवळ पूजाअर्चेचें पद राहिलें नाहीं.

१८७८ सालीं बेटाचा कारभार इंग्रजांकडे आला. १९१४ सालीं त्यांनीं तें आपल्या राज्यास जोडलें व १९२५ सालीं त्यास वसाहतीचा दर्जा दिला. ग्रीक प्रजेची मागणी एकच होती : ‘एनोसिस’, म्हणजे ग्रीसशीं ऐक्य. १९३१ च्या ऑक्टोबरांत दंगा होऊन गव्हर्नराचा वाडा जळाला, दोन बिशप हद्दपार झाले, आणि १९३३ सालीं आर्चबिशप वारल्यावर १९४७ पर्यंत त्या जागीं निवडणूकच झाली नाहीं. इंग्रजांनीं विधिमंडळ बरखास्त केलें होतें. त्यामुळें ग्रीक लोकांच्या वतीनें बोलणारी धर्मपीठावांचून दुसरी मान्य संस्था उरली नाहीं. पीठाचें महत्त्व कमी करण्याच्या धोरणानें तें उलट वाढलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

३. पूर्वचरित्र

मकारियोस यांचें मूळचें नांव मिखाइल मूस्कोस. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१३ रोजीं पाफोस प्रांतांतील पानायिया या डोंगरी खेड्यांत एका मेंढपाळाच्या घरीं झाला. वयाच्या तेराव्या वर्षीं ते किक्कोस मठांत शिकाऊ म्हणून दाखल झाले. हा मठ बेटांतील सर्वांत श्रीमंत. मठानेंच त्यांस निकोसियाच्या मोठ्या विद्यालयांत घातलें. १९३८ सालीं दीक्षा होऊन त्यांस मकारियोस, म्हणजे ‘धन्य’, हें नांव मिळालें. पुढें अथेन्स येथें धर्मशास्त्राचें अध्ययन झालें. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन अंमलाचीं वर्षें त्यांनीं तेथेंच काढिलीं. १९४६ सालीं शिष्यवृत्ति मिळून ते अमेरिकेंत बोस्टन येथें गेले. अध्ययन चालू असतांनाच १९४८ सालीं किटियोनच्या बिशपपदीं त्यांची निवड झाली आणि ते परत आले.

१९५० च्या जानेवारींत धर्मपीठानें एक अपूर्व लोकमत घेतलें. गांवोगांवच्या देवळांत वह्या ठेवण्यांत आल्या व एनोसिस हवी असणारांनीं त्यांत उघड सह्या केल्या. मतदानास पात्र अशा ग्रीकांपैकीं सुमारें ९६ टक्के लोकांनीं सही केली. उघड्या वहींत, पुरोहितासमक्ष केलेल्या सहीस गुप्त मतदानाचें मोल देतां येत नाहीं, हें खरें. तथापि पीठाची पकड किती दृढ होती, हें त्या वह्या दाखवितात. या चळवळींत मकारियोस पुढें होते. त्याच वर्षीं आर्चबिशप वारले आणि ऑक्टोबरांत, अवघ्या ३७ व्या वर्षीं, मकारियोस त्या पीठावर आले. ग्रीसशीं ऐक्य होईपर्यंत झटण्याची शपथ त्यांनीं पदग्रहणसमयीं वाहिली. ही पहिली शपथ.

१ एप्रिल १९५५ रोजीं कर्नल ग्रिवास यांच्या ‘एओका’ संघटनेनें सशस्त्र बंड सुरू केलें. गव्हर्नर हार्डिंग यांशीं मकारियोस यांच्या वाटाघाटी फिसकटल्यावर ९ मार्च १९५६ रोजीं इंग्रजांनीं त्यांस पकडून हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटांवर धाडिलें. त्यांच्या समवेत धाडलेल्या तिघांत किरीनियाचे बिशप किप्रियानोस हे होते. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वर्षभरानें सुटका झाली. पण बेटावर पाऊल ठेवण्याची मनाई असल्यामुळें ते अथेन्स येथें राहिले.

४. दुसरी शपथ

बेटावर ग्रीकांखेरीज मुसलमान तुर्कांची वस्ती होती. १९६० च्या सुमारास ग्रीक सुमारें ७८ व तुर्क सुमारें १८ टक्के होते. एनोसिसच्या मागणीस उत्तर म्हणून तुर्कांनीं ‘तक्सीम’, म्हणजे फाळणी, मागितली. हा शब्द आपल्या दप्तरांतील तक्सीमेचाच होय. इंग्रज, ग्रीस व तुर्कस्तान यांनीं मध्यममार्ग काढला आणि फेब्रुवारी १९५९ मध्यें झुरिच व लंडन येथें करार झाले. एनोसिस नाहीं, तक्सीमही नाहीं. बेट स्वतंत्र व्हावें. मकारियोस यांनीं नाखुषीनें मान्यता दिली. १ मार्च १९५९ रोजीं ते परतले व १३ डिसेंबर रोजीं सुमारें दोन तृतीयांश ग्रीक मतांनीं अध्यक्ष निवडून आले. १६ ऑगस्ट १९६० रोजीं सायप्रस स्वतंत्र झालें.

राज्यघटनेची रचना पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष ग्रीक व तो ग्रीकांनीं निवडावयाचा. उपाध्यक्ष तुर्क व तो तुर्कांनीं निवडावयाचा. परराष्ट्र, संरक्षण व सुरक्षा या बाबतींत दोघांसही नकाराधिकार. पन्नास जणांच्या सभागृहांत ३५ ग्रीक व १५ तुर्क. नोकऱ्यांत ७० व ३० चें प्रमाण. घटनेच्या १८५ व्या कलमानें दुसऱ्या राष्ट्राशीं ऐक्य व फाळणी हीं दोन्ही निषिद्ध केलीं. आणि ४२ व्या कलमान्वयें अध्यक्षास राष्ट्राच्या स्वातंत्र्याच्या व अखंडतेच्या रक्षणाचें प्रतिज्ञावचन द्यावें लागे.

येथेंच सर्व पेंच आहे. आर्चबिशप या नात्यानें त्यांनीं जें साधण्याची शपथ घेतली, तेंच अध्यक्ष या नात्यानें होऊं न देण्याची प्रतिज्ञा केली. दोन वचनें, एक मुख. पहिलें वचन सोडावें तर ज्या पीठानें त्यांस लोकनायक केलें त्याचा द्रोह. दुसरें सोडावें तर राज्याचा. आणि तुर्क प्रजेच्या दृष्टीनें पाहतां, राज्याच्या मुख्यपदीं बसलेला पुरुष हा उस्मानी काळापासून ग्रीक रयतेचा जनाधिपति होता. त्याच्या तांबड्या शाईंत त्यांचा वांटा कधींच नव्हता. आपल्याकडे धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनीं पेशव्यांस कर्जें दिलीं, उपदेश केला, प्रसंगीं पत्रांतून कानउघाडणीही केली. पण राज्याचा शिक्का स्वामींच्या हातीं कधीं आला नाहीं. सायप्रसमध्यें ती मर्यादा राहिली नाहीं.

५. अध्यक्षपदाचीं वर्षें

तीन वर्षांत घटनेचा गाडा रुतला. कर, नगरपालिका, सैन्य, प्रत्येक बाबतींत अडवणूक होऊं लागली. ३० नोव्हेंबर १९६३ रोजीं मकारियोस यांनीं घटनेंत तेरा दुरुस्त्या सुचविल्या. त्यांत दोघांचाही नकाराधिकार रद्द करण्याची सूचना होती. व्यवहारदृष्ट्या कांहीं दुरुस्त्या समंजस होत्या. परंतु तुर्कांस त्या आपल्या हक्कांची सनद फाडण्यासारख्या वाटल्या. २१ डिसेंबर रोजीं निकोसियांत रक्तपात सुरू झाला. पुढील महिन्यांत सुमारें २५,००० तुर्क आपलीं गांवें सोडून निराळ्या वस्त्यांत कोंडले गेले, आणि राज्यकारभारांत तुर्कांचा सहभाग संपला. अध्यक्ष राहिले, पण ते प्रत्यक्षांत ग्रीकांपुरतेच.

मार्च १९६४ मध्यें संयुक्त राष्ट्रांचें शांतिसैन्य बेटावर आलें. या सैन्याचे पहिले सेनापति लेफ्टनंट जनरल ग्यानी हे भारतीय होते. त्यांच्यामागून आलेले जनरल तिमय्या हे तेथेंच कर्तव्यावर असतां १८ डिसेंबर १९६५ रोजीं वारले. पुढें १९६९ ते १९७६ पर्यंत तेंच काम जनरल प्रेमचंद यांनीं केलें. मकारियोस यांनींही आपलें राष्ट्र अलिप्त गटांत ठेविलें होतें. १९६१ सालच्या बेलग्रेड येथील पहिल्या परिषदेस ते उपस्थित होते.

अनुभवानें त्यांचें मत पालटत गेलें. जानेवारी १९६८ मध्यें त्यांनीं, इष्ट व शक्य हीं नेहमीं एकच नसतात, शक्य असेल त्याच मार्गानें तोडगा काढिला पाहिजे, अशा आशयाचें निवेदन केलें आणि पुढील महिन्यांत लोकांचा कौल घेतला. ९५ टक्क्यांहून अधिक मतें त्यांस मिळालीं. पहिल्या शपथेपासून ते हळूहळू दूर सरकत होते. आणि त्या शपथेस चिकटून राहिलेल्यांनीं त्यांस क्षमा केली नाहीं. ८ मार्च १९७० रोजीं आर्चबिशपवाड्यावरून उड्डाण करीत असतां त्यांच्या हेलिकॉप्टरवर गोळ्या झाडण्यांत आल्या. वैमानिक जबर जखमी झाला, मकारियोस बचावले. ग्रिवास १९७१ सालीं गुप्तपणें परतले व त्यांनीं नवी संघटना उभारली.

आतां किरीनियाचे बिशप किप्रियानोस यांचें पुनः स्मरण करावयाचें. मार्च १९७२ मध्यें ते व दुसरे दोन बिशप यांनीं मागणी केली कीं, धर्मगुरूनें ऐहिक सत्ता धारण करूं नये असा प्राचीन धर्मनियम असल्यामुळें मकारियोस यांनीं अध्यक्षपद सोडावें. सेशेल्सच्या हद्दपारींतील सोबत्यानेंच हें म्हणावें, हें विशेष. बारा वर्षें न आठवलेला नियम एकाएकीं आठवला. कारण त्यांचा राग सत्तेवर नसून एनोसिस सोडल्याबद्दल होता. १९७३ च्या मार्चमध्यें या तिघांनीं मकारियोस यांस पदच्युत ठरवून ते आतां केवळ मिखाइल मूस्कोस नामक गृहस्थ होत, असें जाहीर केलें. जुलैमध्यें पूर्वेकडील इतर पीठांच्या धर्माध्यक्षांसह महासभा भरली. तिनें तो निर्णय रद्द केला व त्या तीन बिशपांसच पदच्युत केलें. धर्मनियमाचा अर्थ मात्र सभेच्या निर्णयानें पुसला गेला नाहीं.

६. शेवट

ग्रीसमध्यें त्या वेळीं लष्करी अंमल होता. २ जुलै १९७४ रोजीं मकारियोस यांनीं ग्रीसच्या अध्यक्षांस पत्र लिहून आपल्या सैन्यांतील ग्रीक अधिकारी परत बोलवावे, अशी मागणी केली. उत्तर १५ जुलै रोजीं तोफांनीं आलें. त्यांच्या वाड्यावर हल्ला झाला व ते मारले गेल्याचें नभोवाणीवरून जाहीरही झालें. ते मागील बाजूनें निसटून पाफोस येथें पोंचले व तेथून त्यांनीं आपण जिवंत असल्याचें लोकांस स्वमुखें सांगितलें. इंग्रजांच्या तळावरून ते परदेशीं गेले. २० जुलै रोजीं तुर्कस्तानचें सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलें. बंडवाल्यांचें सरकार आठ दिवसांत कोसळलें. परंतु ऑगस्टमधील दुसऱ्या चढाईनंतर बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तुर्की सैन्याच्या हातीं गेला. १,५०,००० हून अधिक ग्रीक दक्षिणेकडे आले. पुढें दक्षिणेंतील बहुतेक तुर्क उत्तरेस गेले. ज्यांनीं एनोसिससाठीं बंड केलें, त्यांच्या हातून तक्सीम घडली.

७ डिसेंबर १९७४ रोजीं मकारियोस परतले. फेब्रुवारी १९७७ मध्यें तुर्क नेते देंक्ताश यांशीं बोलून दोन्ही समाजांचें संघराज्य हें तोडग्याचें सूत्र त्यांनीं मान्य केलें. तीन ऑगस्ट १९७७ रोजीं हृदयविकारानें त्यांचें निधन झालें. किक्कोस मठाजवळच्या डोंगरमाथ्यावर त्यांची समाधि आहे. त्यांच्यामागें आर्चबिशपपद व अध्यक्षपद दोन निराळ्या व्यक्तींकडे गेलें. तीं पदें पुनः एकत्र आलेलीं नाहींत.

७. उपसंहार

मकारियोस यांस धूर्त म्हणणारे व संत म्हणणारे दोन्हीही पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मतें त्यांच्या यशाचें व अपयशाचें कारण एकच. पीठाच्या जुन्या अधिकारानें मेंढपाळाच्या मुलास चार तपांच्या आंत राष्ट्राच्या मुखत्यारपदीं नेलें. पण तो अधिकार एका समाजाचा होता, आणि राज्य दोन समाजांचें. हें त्यांस उमगलें, परंतु उमगेपर्यंत पहिल्या शपथेचे वारस हातीं शस्त्र घेऊन उभे होते.

संग्राहक मंडळींसाठीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. बार्नबासाचें थडगें आज त्या रेषेच्या उत्तरेस आहे. १९७४ नंतर उत्तरेंतील देवळांतून मूर्तिचित्रें, हस्तलिखितें व कुट्टिमचित्रें निघून जगाच्या बाजारांत आलीं. कानाकारिया येथील देवळांतील सहाव्या शतकाचीं कुट्टिमचित्रें सुमारें दहा लक्ष डॉलरांस विकलीं गेलीं. तेव्हां सायप्रसच्या धर्मपीठानें व सरकारानें इंडियानापोलिस येथील न्यायालयांत दावा लावला आणि १९८९ सालीं आपल्या बाजूनें निकाल मिळविला. त्या दाव्यांत वादी म्हणून पीठानें आपल्या नांवामागें लाविलेलें विशेषण ‘ऑटोकेफालस’ हेंच होतें. सनदेचा कागद कोणीं पाहिलेला नसतां तिचा एक शब्द अशा रीतीनें दीड सहस्र वर्षांनीं कामीं आला. म्हणून जी वस्तु आपल्या दप्तरांत येते ती कोठून, कोणाच्या हातून व कोणत्या वर्षीं निघाली, हें विचारल्यावांचून आपण ती घेऊं नये. इत्यलम्.